रिकामे: वगळले

पाच मिनिटं, प्राध्यापक हेल्डुर म्हणाले,
आणि श्रोते असे, ज्यांना सरासरी म्हणजे
महिन्याचा विजेचा आकडा.
आपल्या शास्त्रातलं एक भांडण त्यांना समजावून सांगा.
सोडवायला जाऊ नका.
तेवढे तुम्ही मोठे नाही. मीही नाही.

मी पेटीचं भांडण घेतलं.

त्रेचाळीस मुलं, एक शाळा, एक हिवाळा.
भीती कागदावर लिहायची, घडी घालायची,
पेटीत टाकून झाकण लावायचं.
भीती उतरते, असं छापून आलं
माझ्या जन्माच्या वर्षी.
मग पेटी गावोगाव गेली,
पालकांच्या मासिकांत, दंतवैद्याच्या बाकड्यावर,
आमच्याही घरी होती एक, बिस्किटांची.
मग पाच प्रयोगशाळांनी दोन हजार मुलं घेऊन
तेच पुन्हा करून पाहिलं
आणि पर्वताची राई झाली.

मूळ संशोधक म्हणतात, तुमच्या पेट्या पुठ्ठ्याच्या,
आमची लाकडी होती.
दुसरे म्हणतात, त्रेचाळीसच्या आकड्यातच पाणी मुरतंय.
तिसरे म्हणतात, पेटी राहू द्या,
भीती कशाला म्हणताय ते आधी ठरवा.
ज्याचा लेख हातात असतो
त्याचं मला पटतं.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रान्डो
बकव्हीट ढवळत माझी वाक्यं खोडत होता.
"खोटं ठरलं" लिहू नकोस.
मग? "खरं ठरलं नाही."
हे तर तेच ऐकू येईल त्यांना!
ऐकू येईल, तो म्हणाला, आणि मीठ शोधू लागला.
रात्री दोनपर्यंत मी त्या दोन वाक्यांमध्ये
येरझाऱ्या घातल्या.
बकव्हीट तळाला लागलं ते लागलंच.

तार्तूच्या वाचनालयात नोव्हेंबरचा अंधार
चार वाजताच येऊन बसला होता.
अकरा माणसं. त्यातली दोन
नक्कीच फक्त हीटरसाठी.
मी आलेख दाखवला. मी राई दाखवली.
"अनिश्चितता" हा शब्द तीनदा उच्चारला
आणि तिन्ही वेळा
माफी मागितल्यासारखा.

शेवटी मागच्या रांगेतून
विणलेले हातमोजे वर झाले.
लेइदा, निवृत्त शिक्षिका, पहिलीचा वर्ग.

"अकरा वर्षं माझ्या टेबलावर पेटी होती.
लाकडी," त्या म्हणाल्या,
आणि कोणीतरी हसलं, मीही.
"शाळा सुटताना मुलं कागद टाकायची.
तानेल नावाचा मुलगा रोज कोरा टाकायचा.
नीट चार घड्या घालून. वर्षभर.
आता वोरूची बस चालवतो, तब्येतीनं चांगला आहे.
तो तुमच्या राईत धरायचा
की पर्वतात?"

माझ्याकडे या प्रश्नाची स्लाइड नव्हती.
मला माहीत नाही, मी म्हणाले,
आणि हे वाक्य, ज्याचा मी आरशासमोर सराव केला होता,
मध्येच चिरकलं.
"बरं," लेइदा म्हणाल्या.
त्या "बरं"चा अर्थ मी अजून लावते आहे.
रागावल्या असत्या तर सोपं होतं.

हेल्डुरनी कागदावर लिहिलं:
वेळ नऊ मिनिटं. भांडण नीट मांडलं.
घाबरण्याचं कारण नव्हतं.
(आता हेही मोजायचं कसं?)

घरी येऊन मी बूट न काढताच
त्या दोन हजार मुलांची मूळ फाइल उघडली.
ती सगळ्यांसाठी खुली आहे, एवढं मात्र
आमच्या पिढीनं बरं केलं.
खाली, खूप खाली, तळटीप सतरामध्ये:
रिकामे कागद एकशे सहा. वगळले.

एकशे सहा.
नीट घडी घालून, की चुरगळून, हे लिहिलेलं नाही.

लेइदाबाईंचा नंबर मी वाचनालयाकडून मागून घेतलाय.
फोन करीन. काय सांगणार, ते ठरलेलं नाही.
पाच मिनिटांत होणार नाही,
एवढंच आधी सांगून टाकीन.